अनुज्ञेय स्राव

मुख्य पंपाच्या सीलमधून पाणी ठिबकते आहे, हे फिटरने सर्वांआधी आमच्या परिभाषा समितीला कळवले, हे योग्यच झाले. आमच्या पाणीपुरवठा खात्यात ज्या बिघाडाला मान्य संज्ञा नाही, त्याची दुरुस्ती करता येत नाही. मी या समितीचा सदस्य-सचिव. फिरता दांडा पंपाच्या पोटात शिरतो तिथे पाणी अडवून धरणाऱ्या दोन गुळगुळीत कड्या म्हणजे सील, इतपत आता मलाही कळते.

फिटरचे म्हणणे असे, की नवे सील भांडारात पडून आहे, काम तासाभराचे आहे, पंप बंद करायची तेवढी परवानगी द्या. टेकडीवरच्या प्रसूतिगृहाला याच पंपाचे पाणी जाते. त्याची बायको तिथे नर्स असल्यामुळे त्याचा जीव टांगणीला लागला होता. आम्ही त्याला चहा पाजला आणि नेमके काय होते ते विचारले. तो म्हणाला, गळते. गळतीची व्याख्या अजून व्हायची होती.

व्याख्या करणे म्हणजे पोरखेळ नव्हे. पुष्कळ खल करून ठरले, की थेंब मोजता येतात तोवर तो अनुज्ञेय स्राव, मोजता येईनासे झाले की गळती. फिटरला मोजायला बसवले. तो परत आला तेव्हा थेंब उरलेच नव्हते, धार लागली होती. धार मात्र एकच होती, म्हणजे मोजता येत होती. त्यामुळे आमचा नाइलाज झाला.

पुढे पंपघरात पाणी साचले. मुख्य अभियंता पँट दुमडून स्वतः आत उतरले आणि हरखलेच. पाण्याखाली चालतो तो पाणबुडी पंप, आणि खात्याकडे आजवर असा पंप नव्हता. शिवाय आतही पाणी, बाहेरही पाणी, मग गळणार कुठून?

"साहेब, याची मोटर पाण्यात चालायची नाही," फिटर म्हणाला. "जळेल."

"ती मोटर झाली. आपला विषय पंप आहे."

दुपारी मोटर जळाली. पंप थांबला आणि सीलमधून येणारे पाणीही थांबले. दुरुस्ती पूर्ण झाल्याबद्दल समितीने समाधान व्यक्त केले.

फिटर पुन्हा आला. या खेपेला त्याने चहा घेतला नाही.

"बायको विचारतेय, बाळांना पुसायचं कशानं?"

मला वाईट वाटले, खरेच वाटले. आम्ही लगोलग पाणीटंचाईची व्याख्या करायला बसलो. ती लोकांना विचारूनच करावी म्हणून मी बाहेर पडलो, तर चौकात टँकरपुढे रांग होती. पाणी येते का, असे मी एकेकाला विचारत गेलो.

"येतं की," एक आजी म्हणाल्या. "आज तर लवकर आलं."

मागचे गृहस्थ म्हणाले, आमच्या इमारतीत रोज येते, विकत घेतो ना. प्रसूतिगृहासाठी दोन कॅन घेऊन उभा असलेला फिटर तेवढा काही बोलला नाही, म्हणून त्याचे मत धरता आले नाही. बाकी रांगेचे एकमत होते. टँकर आला की पाणी आले, असे आजींच्या पुढून कुणीतरी म्हणाले; ही व्याख्या आमच्यापैकी कुणालाही सुचली नसती. समितीने ती आपल्याच शब्दांत, एक अक्षरही न बदलता मंजूर केली. वाचकहो, बादली घेऊन आजींच्या पुढे आपणच उभे होतात, मी आपल्याला ओळखले.