प्रभाकरकाकांचा एकमेव खोटा रिपोर्ट

बार झाला की जगातला प्रत्येक नेमबाज समोरच्या कागदाकडे बघतो. प्रभाकरकाका गवताकडे बघतात. रेंज ऑफिसरने परवानगी दिली की सत्तरीचा हा माणूस गुडघे धरत वाकतो आणि जळक्या कापडाचे तुकडे वेचतो.

हे माझ्या बायकोचे काका. कार्डिफच्या हॉस्पिटलात तीस वर्षं पॅथॉलॉजिस्ट. रिटायर झाल्यावर लोक टोमॅटो लावतात. काकांनी रीतसर लायसन्स काढून ठासणीची बंदूक घेतली. नळीच्या तोंडातून आधी दारू, मग गोळी, मग गजाने ठासायचं. माझा शस्त्रानुभव टिकल्यांच्या पिस्तुलापुरता. तरी दर रविवारी स्कोअर लिहायला मला नेतात, कारण बायकोने मला परस्पर देऊन टाकलंय.

या बंदुकीत गोळी नळीपेक्षा जराशी लहान असते. फट बुजवायला तिला काहीतरी पांघरावं लागतं. एक तर तेलात भिजवलेली सुती कापडाची चकती, नाहीतर सॅबो, म्हणजे प्लॅस्टिकचं झबलं. बाहेर पडलं की झबलं गळतं आणि गोळी पुढे जाते.

गोळ्या निवडताना काकांना बघावं. स्वयंपाकघरातल्या टेबलावर एकेक गोळी वजनकाट्यावर ठेवतात. मला जुळ्या दिसणाऱ्या दोघींतली एक बाद. “हिच्या पोटात पोकळी आहे. पुढची.” एकदा मी कॅटलॉगमधली शिकारीची देखणी गोळी दाखवली. काका चष्म्यावरून बघत म्हणाले, “ती आत शिरून उमलते. आपला पेशंट पुठ्ठ्याचा. त्याच्यात उमलून काय करायचंय रे?”

आणि ती वेचलेली कापडं? “रिपोर्ट वाचू,” म्हणत उजेडात धरतात. कडा जळली, दारू जास्त. मधे भोक, कापड पातळ. एकीकडेच फाटली, चकती वाकडी बसली. एखादा निर्दोष तुकडा सापडला तर पाकिटात जपून ठेवतात. मी आ वासून ऐकतो. मला अजून घरच्या बॉयलरचे दिवे वाचता येत नाहीत.

क्लबच्या वार्षिक स्पर्धेचा कप दिसायला आमटीच्या वाटीएवढा. सहा वर्षं तो काकांना हुलकावणी देत होता. शेकोटीवरच्या फळीवर गणपती आणि घड्याळ यांच्यामध्ये त्याची जागा रिकामी होती; तिथे दुसरं काही ठेवायची कुणाची टाप नव्हती.

त्या वसंतात काकांनी पाच तऱ्हेचे सॅबो आणि सात वजनांच्या गोळ्या आलटूनपालटून पाहिल्या, आणि एका रविवारी जोडी जुळली. तीन भोकं एका लाडवाखाली झाकली गेली असती.

“लिही,” काका हळूच म्हणाले. “कप आला.”

स्पर्धेला मंदाकाकूही आल्या. मागे घडीच्या खुर्चीत, मांडीवर थर्मास. दोन वर्षांपासून पार्किन्सन्सने त्यांचे हात थरथरतात. शिवणाचं मशीन झाकून ठेवलं, पोळ्या सुटल्या. चकत्या मात्र पहिल्या दिवसापासून त्याच कापत.

काकांनी पिशवीतून बिस्किटांचा डबा काढला. आतल्या चकत्या मी उचलून बघितल्या. एक श्रीलंकेसारखी, दुसरी नवशिक्याच्या पहिल्या पोळीसारखी.

“काका, सॅबो विसरलात?”

“खिशात आहेत.”

“मग काढा ना.”

“काल अख्खा दिवस बसून कापल्यात तिने. तेल लाव.”

ज्या माणसाने केसाएवढ्या फरकासाठी निम्म्या गोळ्या बाद केल्या, तो त्या वाकड्यातिकड्या चकत्या एकेक करून अदबीने ठासत होता. मी आकडे लिहीत गेलो. ते लिहायलाही जिवावर येत होतं.

चौथा नंबर.

काका नेहमीपेक्षा भराभर गवतात वाकले. तुकडे वेचले, न बघता डाव्या खिशात कोंबले. मी जवळच होतो. झाडून सगळे एकीकडे फाटलेले.

“अहो,” काकूंनी हाक मारली, “कशा निघाल्या हो?”

“एक नंबर. दारूच दमट होती. हे वेल्सचं हवामान.”

“दाखवा बघू.”

काकांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं. मग पाकीट काढून त्यातला जुना, अख्खा, कडेला जेमतेम तपकिरी झालेला तुकडा काकूंच्या तळहातावर ठेवला. तीस वर्षांत या माणसाने एक ओळही खोटी लिहिली नव्हती.

काकूंनी तो थरथरत्या बोटांत उजेडाकडे धरला. बराच वेळ बघितला.

“गोल आलीय की.”

“तेच तर म्हणतोय.”

“मग पुढच्या वर्षीच्या आत्तापासूनच कापायला घेते. जरा जास्त.”

“घे,” काका म्हणाले, आणि थर्मास काकूंच्या मांडीवरून उचलून चहा ओतायला लागले. अर्धाच कप भरून त्यांच्या हातात दिला.