लोखंड चालूच ठेवा

आमच्या गुडीहत्नूरचे गिरदावर एका गंजक्या खिळ्याचीसुद्धा रीतसर नोंद करवून घेतात. महसूल खात्यातून ते निवृत्त झाले, पण खातं काही त्यांच्यातून निवृत्त झालेलं नाही. चहात साखर कमी पडली तरी "दर्ज करा!" म्हणतात. दर्ज करणारा मी. शेजारी राहतो आणि जन्मभर मास्तरकी केल्यामुळे अक्षर बरं आहे, एवढाच माझा गुन्हा.

हैदराबादला असलेल्या त्यांच्या मुलानं काय पाठवू म्हणून विचारलं, तर या गृहस्थांनी मेटल डिटेक्टर मागितला. जमिनीतला धातू शोधणारं ते यंत्र घरी आलं आणि गिरदावरांना जुन्या दप्तरात निजामाच्या हंड्याचा पत्ता लागला, असा गावभर बोभाटा झाला.

पहिल्या दिवशी ते घरामागच्या वांग्यांच्या वाफ्यात उतरले. जिथं जातील तिथं यंत्र किंचाळे. चार खड्डे खणले, वांग्याची सहा झाडं गेली, हाती आलं ढेकूळ. शेवटी माझ्या लक्षात आलं, की यंत्राची थाळी ते पायाशीच फिरवत होते आणि त्यांच्या वहाणांच्या तळाला खिळे होते.

"दर्ज करा," ते गंभीरपणे म्हणाले. "सोताचीच वहान, जोडी एक."

मग ते अनवाणी शिकू लागले. मुलानं फोनवर समजावलं, "बाबा, लोखंड बंद करायचं बटन आहे, ते दाबा. नाहीतर ते खिळ्याखिळ्याला ओरडेल." गिरदावर ऐकतील तर शपथ! रोज सकाळी खिळे, पत्र्याचे तुकडे, सायकलची चेन. मी आपला 'बैलाची नाल, अर्धी' असं लिहीत बसायचो. एकदा मात्र वैतागलो.

"काऊन असं करून राह्यले तुमी? दाबा ना ते बटन! असं सोनं सापडते का?"

"सोनं कोनाले पाह्यजे?" ते वाफ्याच्या कडेला बसले. "वच्छलेचं खुरपं शोधून राह्यलो, मास्तर."

त्यांच्या बायकोला, वच्छलाबाईंना, जाऊन चार वर्षं झाली. त्या वर्षी त्यांचं खुरपं हरवलं होतं. "मी बांधावरच ठेवलं होतं," असं त्या सांगत राहिल्या. "तुझं ध्यान कुठं असते?" असं गिरदावर रोज म्हणत राहिले. खंडेनवमीला विळा, कुऱ्हाड, कुदळ धुऊन पाटावर मांडली, तेव्हा चार माणसांत म्हणाले, "हिच्या खुरप्याची जागा खाली ठेवा. समद्यायले दिसू द्या." वच्छलाबाईंनी त्या रिकाम्या जागेला हळदकुंकू लावलं. दिवाळीनंतर त्या गेल्या.

हे त्यांच्या तोंडून ऐकून मला माझीच लाज वाटली. त्यानंतर मी अर्धी नालसुद्धा तक्रार न करता लिहिली.

यंदा खंडेनवमीच्या आदल्या दिवशी बांधावर सीताफळाच्या झाडाशी यंत्र ओरडलं. हातभर खाली खुरप्याचं पातं निघालं. मूठ कुजून गेली होती. गिरदावर पातं चोळत राहिले.

"बांधाले माती मीच चढवली होती त्या साली," ते म्हणाले. "मीच गाडलं."

मी वही उघडून 'खुरपं, एक' लिहायला घेतलं.

"तसं नोका लिवू. लिवा, बांधावरच होतं. बाई खरं बोलत होती. चूक गिरदावराची."

मी लिहिलं. माझं बरं अक्षर त्या ओळीत बिघडलं.

दुसऱ्या दिवशी खुरपं पाटावर आपल्या जागी आलं. हळदकुंकू वाहून झाल्यावर गिरदावरांनी माझ्या हातातली वही घेतली आणि ती नोंद मोठ्यानं वाचली. घरात आम्ही दोघंच होतो. तरी वाचून झाल्यावर ते स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत, उत्तराची वाट पाहत उभे राहिले.