मोज्यांच्या कप्प्यातलं युरिनोमीटर

मोजे जोडीने लावता लावता ताईच्या हाताला काहीतरी गार लागलं. तिने ते ओढून काढलं. वीतभर लांबीची काचेची नळी; खाली फुगीर, आत शिशाच्या बारीक गोळ्या, वरच्या निमुळत्या दांड्यात आकड्यांची कागदी पट्टी. बावीस वर्षं पॅथॉलॉजी लॅबमध्ये काढलेल्या बाईला ही वस्तू ओळखायला चष्मा लागत नाही. लघवीच्या नमुन्यात तरंगत ठेवायची आणि किती बुडते त्यावरून घनता वाचायची. युरिनोमीटर.

प्रश्न एवढाच होता की ते नवऱ्याच्या मोज्यांत काय करत होतं.

नवरा मोजणी खात्यात नकाशे काढत असे आणि सगळी इमारत त्याला नकाशेवाला म्हणे. बाजारहाटाच्या यादीतही तो वस्तूंना क्रमांक देई आणि खाली तारीख टाके. असा माणूस कुठलीही वस्तू चुकून कुठे ठेवत नाही. मोज्यांत ठेवली म्हणजे लपवलीच. ताईने कप्पा आणखी उपसला, तेव्हा तळाशी दीड मीटर पारदर्शक रबरी नळी निघाली आणि एक वही.

वहीत पट्टीने आखलेले रकाने होते: तारीख, घनता, रंग, वास, फेस, गाळ. ताईच्या लॅबमधल्या लघवीच्या फॉर्मवर हेच रकाने होते, जवळजवळ याच क्रमाने. पहिली नोंद दहा तारखेची. घनता १.०९०. रंग गडद लाल. वास गोड, फळांसारखा. फेस भरपूर. गाळ आहे.

ताईने लॅबचा फॉर्म वाचावा तशी नोंद वाचली. लाल म्हणजे रक्त. फेस म्हणजे प्रथिनं. फळांसारखा वास म्हणजे मधुमेह, तोही हाताबाहेर गेलेला. १.०९० हा आकडा मात्र तिला पटेना. इतकी घनता तिने बावीस वर्षांत पाहिली नव्हती. तिने काचेतली पट्टी नीट वाचली. ती थेट १.१६० पर्यंत होती. एवढ्या घनतेला लघवी म्हणत नाहीत, पाक म्हणतात.

"ऑनलाइन मागवलं असणार," ती पुटपुटली. "स्वस्तातलं."

पुढच्या नोंदी होत्या १.०८२, १.०७१, १.०५८. आज चौदा तारखेला १.०४४. उपकरण खोटं असलं तरी दिशा खरी असणार, आणि दिशा उताराची होती. याचा अर्थ एक तर तो बरा होत होता किंवा त्याची मूत्रपिंडं थकत चालली होती. आणखी एक गोष्ट तिला खटकली. नमुना टिकवायला घालतात त्या प्रिझर्व्हेटिव्हचा वहीत रकानाच नव्हता.

त्याला सरळ विचारणं हा एक मार्ग होता. पण रिपोर्ट हातात आल्याशिवाय तोंड उघडायचं नाही, हा ताईचा नोकरीतला नियम होता आणि तो तिने संसारातही पाळला होता. तिने सगळं होतं तसं मोज्यांखाली ठेवलं आणि धाकट्या बहिणीला फोन लावला.

"ताई, मोज्यांच्या कप्प्यात लपवलंय ना? मग बाई असणार," बहीण म्हणाली.

"बाईची घनता कोणी रोज मोजत नाही."

"तुला काय माहीत! बरं, ऐक. मी सांगणार नव्हते, पण मागच्या आठवड्यात मी भावोजींना पाहिलं. तुमच्या लॅबसमोरच्या त्या दुसऱ्या लॅबची इमारत आहे ना, तिथून बाहेर पडत होते. हातात ही एवढी मोठी खाकी पिशवी. मला बघितलं आणि खांबामागे गेले."

ताईने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"ताई? आहेस ना?"

"समोरच्या लॅबमध्ये?" ताई म्हणाली. तिचा आवाज बदलला होता. "बाई असती तरी मी समजून घेतलं असतं गं."

दुसऱ्या दिवसापासून नकाशेवाल्याच्या ताटातलं मीठ कमी झालं. त्याच्या चहातली साखर गेली. तो न्हाणीघरात गेला की ताई घड्याळ पाही आणि पंचांगाशेजारच्या कॅलेंडरवर बारीक रेघ मारी.

"भाजीत मीठ नाहीये," तो म्हणाला.

"आहे तेवढं पुरे."

"आणि कॅलेंडरवर या रेघा कसल्या?"

"दुधाच्या."

"एका दिवसात नऊ?"

ताईने त्याच्याकडे निरखून पाहिलं. चेहऱ्यावर सूज नव्हती. उलट गालांवर तकाकी होती आणि सकाळपासून तो शीळ घालत होता. शेवटच्या टप्प्यात काही रुग्णांना असं बरं वाटतं, हे तिला माहीत होतं.

रविवारी जेवण झाल्यावर तो आडवा झाला, तेव्हा ती अडगळीच्या खोलीत शिरली. आठवडाभर रोज सकाळी ती कामाला निघाली की तो तिथे जात असणार. दाराच्या कडीवरची धूळ पुसली गेली होती. जुन्या सुटकेसच्या मागे त्याचा राखाडी स्वेटर उभा होता. स्वेटर सहसा उभे राहत नाहीत. तिने तो वर उचलला.

आत काचेची मोठी बरणी होती. दहा लिटरची. गळ्यापर्यंत गडद लाल, वर गुलाबी फेस. बुचातून वाकडी नळी बाहेर आली होती, तिच्या वळणात पाणी होतं आणि दर चार सेकंदांनी त्यातून "बुडुक" असा आवाज येत होता. खोलीभर गोडसर, आंबूस वास होता.

ताई खाली बसली. जंतू वायू सोडत होते. दहा लिटर! चोवीस तासांचा नमुना म्हणजे फार तर दोन लिटर. हा पाच दिवसांचा साठा होता. समोरच्या लॅबवाल्यांना चोवीस तास म्हणजे किती, हेसुद्धा रुग्णाला नीट सांगता येत नव्हतं. आणि एवढा नमुना उबदार खोलीत, स्वेटर घालून, प्रिझर्व्हेटिव्हच्या एका थेंबाशिवाय! नवऱ्याच्या आजाराचं दुःख होतंच. पण त्या क्षणी तिला राग आला तो या हलगर्जीपणाचा.

थोडं काढून लॅबमध्ये नेऊन तपासावं, असं तिच्या मनात आलं. पण रुग्णाच्या संमतीशिवाय नमुना तपासू नये, ही सूचना लॅबच्या भिंतीवर तिच्याच अक्षरात लावलेली होती. नमुना टिकवण्याबद्दल मात्र त्या सूचनेत काही नव्हतं. सोमवारी दुपारी ती घरी आली तेव्हा तिच्या पर्समध्ये तपकिरी बाटली होती: जंतू मारणाऱ्या, ओव्याच्या वासाच्या थायमॉलचं द्रावण, दहा टक्के. दहा लिटरला किती, याचा तिने दोनदा हिशेब केला, वीस मिलिलिटर मोजून बरणीत ओतलं, बरणी हळूच फिरवली आणि स्वेटर परत घातला. कित्येक दिवसांत पहिल्यांदा तिला काहीतरी योग्य केल्यासारखं वाटलं.

सोमवारी सकाळची नोंद होती १.०१०. मंगळवारी तिने वही उघडली: १.०१०. बुधवारी १.०१०. गुरुवारी पुन्हा १.०१०, आणि शेजारी त्याच्या सुबक अक्षरात, "हालचाल थांबली. काळजी वाटते."

ताईने चारही आकड्यांवरून बोट फिरवलं. पाणी जास्त प्यायलं की घनता उतरते, कमी प्यायलं की चढते. मूत्रपिंड जिवंत असल्याची ती खूण असते. आकडा १.०१० वर येऊन तिथेच ठाण मांडून बसला, की मूत्रपिंडांनी काम सोडलं असं समजायचं. नव्या मुलींना हे शिकवताना ती नेहमी दोनदा सांगत असे.

शुक्रवारी संध्याकाळी तो कामावरून आला आणि बूट काढू लागला, तेव्हा वही टेबलावर होती.

"अहो, बसा. मला सगळं कळलंय."

नकाशेवाल्याचा एक बूट हातातच राहिला. "कधीपासून?"

"आठ दिवस झाले."

"तरीच अळणी जेवण! शिक्षा होती तर."

"का लपवलंत माझ्यापासून?"

"तू चिडशील म्हणून. पावाच्या वेळी काय झालं होतं, आठव. मी हौसेने घरी पाव केला, तू त्याचा तुकडा लॅबमध्ये नेलास आणि संध्याकाळी मला बुरशीचं नाव सांगितलंस. पूर्ण नाव."

"पावाचा इथे काय संबंध?" ताई म्हणाली. "अशी गोष्ट कोणी बायकोपासून लपवतं का?"

"लग्नाला पंचवीस वर्षं होतायत ना महिनाअखेरीला, तेव्हा सांगणारच होतो. सगळ्यांसमोर."

"सगळ्यांसमोर? कसं?"

"पेल्यात ओतून."

ताईने डोळे मिटले. आजार मेंदूपर्यंत गेला होता.

"ठीक आहे," ती शक्य तितक्या हळुवार म्हणाली. "समोरच्या लॅबवाले काय म्हणाले?"

"कुठली लॅब? मी त्या इमारतीत खालच्या मजल्यावरच्या दुकानात गेलो होतो. बरणी, नळी, घनता मोजायचं हायड्रोमीटर, सगळं तिथलंच. दुकानदार म्हणाला, सोबतच्या पुस्तिकेप्रमाणे करत जा, आकडा शेवटी ०.९९५ वर उतरेल."

"०.९९५?" ताई ताडकन उभी राहिली. "पाण्यापेक्षा हलकी? अहो, जिवंत माणसाची लघवी पाण्यापेक्षा हलकी होऊच शकत नाही!"

"लघवी?" नकाशेवाला म्हणाला.

त्याने हातातला बूट हळूच खाली ठेवला.

"अगं," तो म्हणाला, "वाइन आहे ती. द्राक्षांची. तुझ्यासाठी."

ताई परत खाली बसली. तिला हसू आलं, मग रडू आलं, आणि मग तिला तपकिरी बाटली आठवली.

"बारा किलो द्राक्षं हाताने चुरली," तो सांगत होता. "या वेळी सगळं उकळत्या पाण्यात धुऊन घेतलं. म्हटलं, एकदा तरी अशी वस्तू करायची की हिला नाव ठेवायला जागा राहायची नाही. आणि चाललं होतं गं झकास! सोमवारनंतर एकदम बंद पडलं. पुस्तिका म्हणते, जंतुनाशक पडल्याशिवाय असं होत नाही. वासही बदललाय."

"कसला येतो?"

"ओव्यासारखा."

ताईने वही मिटून त्याच्या हातात दिली. "द्राक्षांतच काहीतरी असेल," ती म्हणाली. बावीस वर्षांत तिने दिलेला हा पहिला खोटा रिपोर्ट होता.

महिनाअखेरीला त्याने वाइन गाळून बाटल्यांत भरली. कोणाला अपाय होणार नाही याची ताईने आधीच आकडेमोड करून खात्री करून घेतली होती. चूळ भरायच्या औषधात थायमॉल याच्या तिप्पट असतं. बहीण आली, ताईच्या लॅबचे डॉक्टर आले. नकाशेवाल्याने सगळ्यांचे पेले एका उंचीपर्यंत भरले आणि तो उभा राहिला, उत्तरपत्रिका परत मिळण्याची वाट पाहणाऱ्या मुलासारखा.

डॉक्टरांनी घोट घेतला आणि पेला प्रकाशात धरला. "रंग सुरेख आहे," ते म्हणाले. "हे जेवणाआधी घ्यायचं, की दात घासून झाल्यावर?"

"भावोजी, खरं सांगते," बहीण म्हणाली, "माझा आठ दिवस बसलेला घसा मोकळा झाला."

नकाशेवाला हसला, पण त्याची मान थोडी खाली गेली. ताईने ते पाहिलं. तिने आपला पेला एका दमात संपवला आणि पुढे केला.

"मला अजून हवी," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी लॅबमधून घरी आल्यावर ती मोज्यांच्या कप्प्याशी गेली. वहीत शेवटची नोंद होती: "रंग उत्तम. वास औषधी. चव गोड, औषधी. पाहुण्यांनी प्रत्येकी अर्धा पेला. हिने दोन. तक्रार नाही. तुकडा, थेंब, काहीही तपासायला नेलं नाही. संशयास्पद."

ताई बराच वेळ ते वाचत बसली. मग तिने पट्टी घेतली, समासाच्या जागेत एक नवा रकाना आखला आणि वर लिहिलं, प्रिझर्व्हेटिव्ह. सोमवारच्या तारखेसमोर तिने भरलं: "थायमॉल, दहा टक्के, २० मिली." खाली, रिपोर्टवर करते तशी, पूर्ण सही केली आणि वही मोज्यांखाली ठेवून दिली.

चार दिवस तो काही बोलला नाही. आज भाजीत मीठ बरोबर आहे, एवढं एकदा म्हणाला. ताई रोज त्याच्या चेहऱ्याकडे पाही आणि तो रोज वर्तमानपत्राकडे.

रविवारी दुपारी अडगळीच्या खोलीतून "बुडुक" आवाज आला. तो झोपला होता, निदान डोळे मिटून पडला होता. ताई आत गेली. सुटकेसच्या मागे नाही, पुढेच, बरणी उभी होती, स्वेटर घालून. स्वेटरवर टाचणीने एक कागद लावला होता, आणि त्यावर नकाशावर गावांची नावं घालतात तशा टपोऱ्या अक्षरांत लिहिलं होतं:

"१. ही द्राक्षं आहेत. २. यांची तब्येत उत्तम आहे. ३. यातून काही काढून तपासण्यास हरकत नाही. यात काही घालण्यास आहे."

खाली तारीख होती.