साळवे डॉक्टरांचे भोंगे

डॉक्टर याकोब साळवे लाऊडस्पीकरला स्टेथोस्कोप लावतात. आधी तो टेबलावर उताणा ठेवतात, बॅटरीच्या उजेडात त्याच्या तोंडात बघतात, पाठीवर टिचकी मारतात आणि मग नळ्या कानात घालून बराच वेळ गप्प बसतात. मध्येच कोणी काही विचारले तर फक्त हात वर करतात. तपासणी संपली की निदान येते.

"खोकतंय. नको."

डॉक्टर गुरांचे. नोकरीचा मोठा काळ घोडेगावच्या बाजारात बैलांचे दात बघण्यात गेला. निवृत्तीनंतर ते श्रीरामपुरात राहायला आले. मी त्यांचा शेजारी. एका दैनिकाची बातमीदारी करतो, त्यामुळे घरी असण्याच्या वेळा विचित्र. डॉक्टरांच्याही वेळा विचित्र, म्हणून ओळख वाढली.

ते तपासतात त्या वस्तूबद्दल थोडे सांगायला हवे. मंडपावर भोंगा लागतो, त्याच्या मागे एक जड, गोल डबा स्क्रूने बसवलेला असतो. लाऊडस्पीकरवाले त्याला युनिट म्हणतात. त्याच्या पोटात चुंबक असते आणि चुंबकापाशी एक पातळ पापुद्रा. आवाज या पापुद्र्यावर जन्मतो. भोंगा फक्त तो पुढे नेतो. जगात काही लोक घरात गाणी ऐकण्यासाठी लाकडाचे सुबक भोंगे करतात आणि त्यांना शोभेल असे युनिट शोधत आयुष्य काढतात. त्यांच्यापैकी एक आमच्या गल्लीत राहतो.

पहिले दोन भोंगे टेम्पोतून उतरले, तेव्हा गल्लीत विचारणा झाली की, डॉक्टर नगरपालिकेला उभे राहताहेत का. प्रत्यक्षात त्या भोंग्यांचा आवाज शेजारच्या टीव्हीपेक्षा कमी येतो. डॉक्टरांचा अॅम्प्लिफायर काचेच्या नळ्यांचा आणि अगदी अशक्त आहे. "चांगल्या जनावराला चाबूक लागत नाही," एवढेच त्यांचे त्यावर स्पष्टीकरण.

युनिट जोडीनेच घ्यायचे, हा त्यांचा पहिला नियम. एक डावीकडे, एक उजवीकडे. दोन्ही एका चालीची हवीत. बाजारात जोडीची परीक्षा घेताना ते बैलांच्या बाजू बदलायला लावत. डाव्या अंगाला चालणारा बैल उजवीकडे जुंपला की त्याची खोड उघडी पडते. युनिटच्याही बाजू ते अशाच बदलतात. "जागेवर सगळेच शहाणे," ते म्हणतात. "जागा बदला, मग बघा."

एकदा त्यांच्याच हातून एक उमदे युनिट गेले. युनिटला फक्त वरचे, बारीक आवाज द्यायचे असतात. ढोलाचा दणका वेगळ्या स्पीकरकडे वळवायचा असतो. डॉक्टर ती वाटणी करणारा सुटा भाग जोडायला विसरले. युनिटने एक हुंदका दिला आणि संपले. त्यांनी ते रीतसर उघडले, फाटलेला पापुद्रा चिमट्याने बाहेर काढला आणि मला मृत्यूचे कारण सांगितले : "अतिभक्षण."

या सगळ्यात त्यांचा जोडीदार इक्बालभाई. बाजारपेठेत त्यांचा लाऊडस्पीकर भाड्याने देण्याचा धंदा आहे. लग्न, उरूस, नाताळ, सगळीकडे त्यांचेच भोंगे. जुने युनिट कुठे निघाले की ते डॉक्टरांना फोन करतात, आणि डॉक्टरांनी ते नाकारले की रागावतात.

"डॉक्टरसाब, तुमी युनिट बघता का सून बघता?"

"सून पोरगा बघतो. युनिट मलाच बघावं लागतं."

गेल्या हिवाळ्यात ही शोधाशोध दोन जोड्यांवर येऊन थांबली. एक जोडी नवी, परदेशी, टायटॅनियमच्या पापुद्र्याची. दुसरी राहुरीच्या एका बंद पडलेल्या टॉकीजमधली. पडद्यामागे धूळ खात पडलेली, पापुद्रा तपकिरी, जाड, जुन्या पद्धतीचा. निवड आता करायचीच होती, कारण सुतार लाकूड कापायला बसला होता. दोन्ही जोड्यांचे गळे, म्हणजे भोंग्यात बसणारी तोंडे, वेगवेगळ्या मापाचे. भोंगा एका गळ्याचा झाला की दुसरे युनिट त्याला बसणार नव्हते, आणि लाकूड तेवढेच होते. ते मालिनीबाईंच्या सागवानी कपाटाचे होते.

मालिनीबाई डॉक्टरांच्या पत्नी. शाळेत शिक्षिका होत्या. माहेराहून आलेले कपाट त्यांनी स्वतःहून दिले. "साड्या नेसून जायचं कुठं आता?" एवढेच म्हणाल्या. जायचे त्यांनी खरोखर कमी केले होते. चर्चमधल्या महिला मंडळात त्या पूर्वी पुढे असत. कानांनी दगा दिला, तसे तेही सुटले. आवाज येतो, शब्द येत नाहीत, अशी त्यांची तक्रार. नगरहून आणलेली कानातली यंत्रे खणात पडली होती. ती घातली की कानात भांडी पडतात, म्हणत. लोक बोलत तेव्हा त्या हसून मान हलवत. मास्तरीणबाई असल्याने ती मान सगळ्यांना होकारासारखी वाटे.

डॉक्टर त्यांच्यावर ओरडत. त्यांना ऐकू जावे म्हणून ओरडत, पण गल्लीला वाटे भांडण चालले आहे.

निकालाच्या दुपारी डॉक्टर, इक्बालभाई आणि मी डॉक्टरांच्या पुढच्या खोलीत बसलो. आपापल्या मापाच्या तात्पुरत्या भोंग्यांवर आधी टायटॅनियमची जोडी लागली. तानपुऱ्याची तार न् तार सुटी झाली. झांजेचा शेवटचा कण हवेत विरताना ऐकू आला. इक्बालभाईंनी कानाच्या पाळीला हात लावला. डॉक्टरांनी डोळे मिटले होते.

"हेच," ते म्हणाले. "असं जनावर बाजारात रोज येत नाही."

मग टॉकीजची जोडी लागली. झांज अर्धी नाहीशी झाली. तानपुरा जणू घोंगडीत गुंडाळला.

"डॉक्टरसाब, हे म्हातारं हाय," इक्बालभाई म्हणाले. "याला आता पेंशन द्या."

डॉक्टरांनी मान डोलावली. तरी नियमाप्रमाणे शेवटची परीक्षा बाकी होती. गाणे फसवते, बोलणे फसवत नाही, असे ते मानतात. म्हणून रेडिओवरून उतरवून घेतलेले एक बोलणे त्यांनी याच जोडीवर लावले. कोणी बाई लिंबाचे लोणचे कसे घालावे ते सांगत होत्या. मालिनीबाई कप न्यायला आल्या होत्या. भोंग्यांकडे त्यांची पाठ होती. कप उचलता उचलता त्या म्हणाल्या,

"फोडी धुऊन तशाच मिठात? पुसायच्या नाहीत? बुरशी येईल, बाई."

आणि आत गेल्या.

इक्बालभाई खो खो हसले. "वहिनींनी रेडिओलाच नापास केलं!"

डॉक्टर हसले नाहीत. उठून त्यांनी स्वतः टायटॅनियमची जोडी पुन्हा लावली आणि तेच बोलणे तेथूनच सुरू केले. मग आत ओरडले, "मालिनी, चहात साखर नव्हती गं!"

मालिनीबाई साखरेचा डबा आणि डॉक्टरांचा कप घेऊन आल्या. रेडिओवरच्या बाईंनी ओल्या फोडी पुन्हा मिठात टाकल्या. मालिनीबाईंनी उरलेल्या चहाचा घोट घेऊन पाहिला.

"आहे की साखर," म्हणाल्या, आणि गेल्या.

मागच्या दाराशी जाऊन डॉक्टरांनी सुताराला सांगितले, "टॉकीजच्या मापाचा गळा काढ."

"या अल्ला!" इक्बालभाई उठलेच. "आत्ता तर तुमी म्हणला, हेच हेच!"

"टायटॅनियम मला चावतं," डॉक्टर म्हणाले. "कानाला."

"पाच मिनिटात चावायला लागलं व्हय?"

डॉक्टर टायटॅनियमच्या जोडीचे स्क्रू सोडवायला लागले. इक्बालभाई चप्पल घालून निघाले, आणि पुढचे काही आठवडे त्यांचा फोन आला नाही.

भोंगे तयार झाले. सागवान असल्याने दिसायला देखणे आहेत. सुट्टीच्या दिवशी दुपारी मी ते ऐकायला म्हणून गेलो, तर डॉक्टर ओट्यावर बसून लसूण सोलत होते. आत रेडिओवर कोणी गृहस्थ गप्पा मारत होते. आवाज स्पष्ट, थोडा कोरडा. शब्द एकेक करून, नीट उच्चारून समोर ठेवल्यासारखे बाहेर येत होते.

"तुम्ही आत नाही बसलात?" मी विचारले.

"मला नाही आवडत हा आवाज," ते म्हणाले. "झांज मेल्यासारखी वाटते."

"आणि टायटॅनियमची जोडी?"

"इक्बालला दिली. उरसाला लावील." त्यांनी पाकळीचे साल फुंकले. "काय जोडी होती पण. काय जोडी होती!"

आत मालिनीबाई मोठ्याने हसल्या. एकट्याच. कोणी त्यांच्याकडे बघून हसले म्हणून नव्हे.

डॉक्टरांचा हात थांबला. त्यांनी दाराकडे मान वळवली आणि नेहमीच्या पट्टीत ओरडले, "काय म्हणाला गं तो?"

आतून उत्तर आले,

"थांबा हो. ऐकू द्या."