आक्काचा फोटो काही जाईना

आमच्या दिंद्रुडचे लिंबाजीकाका रविवारी ईमेल पाठवत नाहीत. इतर दिवशीही दुपारी चारनंतर पाठवत नाहीत. "टपालाची गाडी गेली," म्हणतात. कसली गाडी, कुठली गाडी, हे विचारायची सोय नाही. चाळीस वर्षं गावोगावची टपाल कचेरी सांभाळलेल्या माणसाशी या विषयावर वाद घालायला मला काही वेड लागलेलं नाही.

मी त्यांची शेजारीण. शाळेत संगणक शिकवते, म्हणून त्यांची मास्तरीणबाई. काकांचा आवडता शब्द 'रीतसर'. नाशिकच्या भाचीला, सुनीताला, मेल लिहिताना वरती तिचा पूर्ण पत्ता पिनकोडसकट रीतसर घालतात आणि मेल गेला की लगेच फोन लावतात. "टपाल टाकलंय गं. पोच दे." ती बिचारी दर वेळी पोच देते.

गेल्या महिन्यात माजलगावच्या एका दुकानदाराने त्यांच्या जुन्या कॉम्प्युटरवर नवी सिस्टीम टाकून दिली, आणि काका माझ्या दारात उभे. "बाई, फोटोच जाईना झालाय. मजकूर जातोय अन् फोटो हितंच ऱ्हातोय."

फोटो होता आक्काचा, काकांच्या थोरल्या बहिणीचा. आई लवकर वारली तेव्हा आक्काने मेंढरं राखून काकांना शिकवलं. पुढे तिचं लग्न झालं आणि सुनीता वर्षाची असताना तीही गेली. सुनीताला आईचा चेहरा माहीत नाही. नारायणगडाच्या जत्रेत काढलेला आक्काचा एकुलता एक फोटो वाळवीने खाल्ला. त्याआधी कुणीतरी तो कॉम्प्युटरात उतरवून दिला होता, तेवढाच उरला. आता सुनीताने घर बांधलंय. गुरुवारी वास्तुशांती, आणि त्या घरात तिला आईचा फोटो लावायचाय.

मला वाटलं, पाच मिनिटांचं काम. नव्या सिस्टीममध्ये फोटो जोडायची खूण वरून खाली गेली होती, ती दाखवली. पण टपाल काका मी घरी गेल्यावर स्वतःच टाकायचे, आणि आक्का काही जाईना. फोटो जड असेल म्हणून लहान केला. नावात घोळ असेल म्हणून नाव बदललं. शेवटी काकांच्या म्हशीचा एक फोटो काढला, कॉम्प्युटरात घेतला आणि त्यांच्याच हाताने सुनीताला पाठवायला लावला. दोन मिनिटांत सुनीताचा फोन. काकांना कमी ऐकू येतं, त्यामुळे त्यांचा फोन सगळ्या घराला ऐकू जातो.

"मामा, म्हैस आली. आई कुठंय?"

काकांनी कॉम्प्युटरकडे रागाने बघितलं. मग म्हणाले, "सिस्टीमच लई बेक्कार हाय."

मला चैन पडेना. म्हैस जाते आणि आक्का जात नाही, असा कसला हा कॉम्प्युटर? बुधवारी अर्धी रजा टाकून मी दोनलाच त्यांच्याकडे गेले. पाणी प्यायचं निमित्त करून स्वयंपाकघराच्या दारात थांबले. तिथून कॉम्प्युटरचा पडदा स्वच्छ दिसतो. काकांनी मजकूर लिहिला, फोटो जोडला, फोटो चढत असल्याची पट्टी पूर्ण भरली. मग त्यांनी बाण हळूच फोटोशेजारच्या फुलीवर नेला आणि टिचकी मारली. आक्का गायब. आणि नुसता मजकूर दिला पाठवून.

"काका!" मी ओरडलेच. "हे काय केलंत?"

त्यांनी मान खाली घातली. "बाई, चाळीस वर्सं टपाल हाताळलं. पेटीत टाकलेला कागद टाकनाराच्या हातात ऱ्हायलेला म्या एकदाबी बगितला न्हाई. सुनीताची आई हाय, तिचाच हक्क हाय, कळतंय मला. रोज ठरवतो, आज द्यायची. पन एकदा का गेली, की माज्याकडं काय ऱ्हातंय?"

"अहो, म्हशीचा फोटो पाठवलात ना? तो तुमच्याकडे राहिलाय की नाही, बघितलंत?"

"त्यो कावून बगू? म्हस गोठ्यात हाय की."

मला हसू आलं. इतकी वर्षं पोरांना हे शिकवते, पण कुणाला असं वाटू शकेल हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी म्हशीचा फोटो उघडून दाखवला. जागच्या जागी होता. काकांनी तो बंद करून पुन्हा उघडायला लावला, दोनदा. मग त्यांनी आक्का जोडली, माझ्याकडे एकदा बघितलं आणि पाठवली. लगेच धडपडत मूळ फोटो शोधून उघडला. आक्का होती. डोक्यावर पदर, खांद्यावर काठी आणि एका हडकुळ्या पोराचं मनगट घट्ट धरलेलं.

सुनीताचा फोन आला.

"मामा," ती म्हणाली, "माझी हनुवटी आईची आहे."

"व्हय. मला पयल्यापासनं ठावं हाय."

फोन ठेवून काकांनी डोळे पुसले. "बाई, कितीबी जनांना पाठवली तरी हितली हितंच ऱ्हाती?"

"हितंच राहते, काका."

त्यांचा चेहरा असा उजळला की काय सांगू. पत्त्यांची वही काढली. "मग अजून कुनाला पाठवावी?" पहिल्या पानावर सुनीताचा पत्ता होता. त्यांनी दुसरं पान उलटलं, तिसरं उलटलं, पार शेवटपर्यंत गेले. सगळी कोरी. ते वहीकडे बघत राहिले.

मी वही माझ्याकडे ओढली आणि सुनीताच्या खाली माझा पत्ता लिहिला.