बाभळीचा खुबा

सिरसाळ्याच्या एसटी स्टँडवर बीडची गाडी लागली, आम्ही चढून बसलो, आणि रंगूमामांनी मांडीवरच्या कापडी पिशवीतून स्वतःचा खुबा बाहेर काढला. एक नाही, दोन. दोन्ही बाभळीच्या लाकडाचे, घासून गुळगुळीत केलेले, तेल पाजलेले. शेजारी बसलेल्या बाईनं पदर तोंडाला लावून जागा बदलली.

"मास्तर, तुमीच सांगा," मामा कंडक्टरला म्हणाले, "ह्यातला कंचा बसवू?"

कंडक्टरनं दोन्ही हातात घेतले, खालीवर करून पाहिले, आणि म्हणाला, "कंचा बी बसवा, पर ह्यांचं हाफ तिकीट काढावं लागंल."

मी मामांच्या पलीकडं बसलो होतो आणि खिडकीबाहेर बघत त्यांना ओळखत नसल्याचं सोंग करत होतो. ते काही जमलं नाही, कारण मामांनी लगेच सगळ्या गाडीला सांगितलं, "हे आमचे गुर्जी. शाळंत शिकवत्यात. ह्यांचं मत दुसऱ्या खुब्याला हाय."

रंगनाथ सुतार हे माझे शेजारी. वय साठीच्या अलीकडं-पलीकडं. नक्की विचारलं तर म्हणतात, "झाडाला वय इच्यारत न्हाईत गुर्जी, कापल्यावर आतल्या रेगा मोजायच्या." बैलगाडीची लाकडी चाकं करण्यात त्यांचा हात धरणारा पंचक्रोशीत कुणी नव्हता. आता गाड्या लोखंडी झाल्या, चाकाला रबरी टायर आले, आणि मामा खुर्च्या, पलंग, दारं करतात. पण एक खोड तेव्हापासूनची कायम आहे. काहीही करायचं म्हटलं की, "आदी नमुना!"

माझ्या घराचा जिना बांधायचा होता तेव्हा मामा दोन दिवस गायब झाले आणि वीतभर उंचीचा लाकडी जिना घेऊन आले. त्यावर काडेपेटीतल्या काडीचा एक माणूस होता. तो म्हणजे मी. मामांनी मला जिन्यावरून वर नेलं आणि तिसऱ्या पायरीवर थांबवलं. "हितं तुमचं टकुरं आपटतंय बगा." मला घाई होती, गवंडी दारात उभा होता. मी म्हटलं, बघू पुढं. आज सात वर्षं मी रोज तिसऱ्या पायरीवर डोकं आपटतो, आणि भिंतीपलीकडून आवाज येतो, "नमुन्यात दावलंतं!"

मामांच्या घरी पहिल्यांदा जाणारा माणूस गोंधळतो. सगळ्या गावाला खुर्च्या करून देणाऱ्या ह्या माणसाच्या घरात एकही खुर्ची नाही. दिव्यांची बटणं गुडघ्याच्या उंचीला. आरसा त्याहून खाली, त्यामुळं भांग पाडायचा तर मामा मांडी घालून बसतात. फडताळं, खुंट्या, नळ, सगळं असं की घर कोंबड्यांसाठी बांधलं असावं. त्याचं कारण कौसामामी. मामींचे दोन्ही पाय लहानपणीच पोलिओनं गेले. हातावर रेटा देत त्या घरभर सरकतात, हातानं फिरवायच्या शिलाई मशीनवर निम्म्या गावाची झंपरं शिवतात, आणि जिभेला मात्र त्यांच्या कुठलाही आजार शिवलेला नाही. एकदा एक पुढारी मतं मागायला आले आणि बसायला काही दिसेना म्हणून घुटमळले. मामी म्हणाल्या, "बसा की खाली. भोवतालची समदी जमीन तुमचीच हाय, हितलीच कावून नको?" पुढारी बसले. नंतर त्यांना उठवायला दोघे लागले.

दोन वर्षांपूर्वी मामांचा उजवा खुबा बोलायला लागला. मामा चालताना एका बाजूला झुकायचे, थांबायचे, कान देऊन ऐकायचे. "कुरकुर आली. वंगण गेलं." मग तेल झालं, शेक झाला, धारूरकडच्या डोंगरातला कसला तरी पाला झाला. शेवटी मी त्यांना बीडला नेलं. तिथं महिन्यातून एकदा पुण्याहून हाडांचे मोठे डॉक्टर येतात. त्यांनी फोटो बघून दोन वाटा सांगितल्या. एक, मांडीच्या हाडाचा वरचा गोळा तसाच ठेवायचा, थोडा तासायचा आणि त्यावर धातूची टोपी चढवायची. दुसरी, तो गोळाच कापून टाकायचा आणि हाडात दांडा ठोकून नवा गोळा बसवायचा. कमरेकडची वाटी दोन्हीत नवी. टोपीसाठी हाड चांगलं पाहिजे, म्हणून आणखी एक तपासणी करा आणि पुढच्या महिन्यात या, असं म्हणाले.

मामांनी महिनाभर काय केलं हे आता सांगायला नको. पहिल्या नमुन्यात बाभळीच्या गोळ्यावर पत्र्याची टोपी होती, दुसऱ्यात बाभळीच्या हाडात लोखंडी दांडा आणि त्यावर गोटी. ते घेऊन मामा गावभर हिंडले. न्हाव्याचं मत घेतलं, हॉटेलवाल्याचं घेतलं, गुरांच्या डॉक्टरचं तर दोनदा घेतलं. ऊसतोडीला निघालेल्या टोळीनं बैलं सोडून पाऊण तास चर्चा केली. मुकादम म्हणाला, "मामा, लाकडी चाकाचा जमाना गेला. समदंच बदला, टायरगाडी घ्या."

हे मामांच्या जिव्हारी लागलं. "चाक चांगलं आसंल तर नुसती धाव बदलायची असती," ते म्हणाले. धाव म्हणजे लाकडी चाकावरचा लोखंडी पट्टा. "आपलं लाकूड राखायचं, वर लोखंड चढवायचं. सुताराचा धर्म हाय ह्यो."

पण खरी गोष्ट धर्माची नव्हती. डॉक्टर सहज बोलून गेले होते की टोपी नीट बसली तर बरेच जण पुढं खाली बसू शकतात. गोळा बदललेल्याला मात्र ते खाली बसू देत नाहीत, सांधा निखळण्याची भीती असते. एवढं एक वाक्य मामांनी मनात पक्कं धरलं होतं. मला वाटलं, कामासाठी. सुतार उकिडवा बसतो, लाकूड पायाच्या बोटांत धरतो आणि वाकसानं तासतो. मी म्हटलं, "मामा, आता टेबल घ्या, उभ्यानं काम करा. दुखणं तरी जाईल."

"तुमाला न्हाई कळायचं गुर्जी," म्हणून त्यांनी रंधा उचलला.

तर असे आम्ही त्या दिवशी नमुन्यांसकट बीडला पोचलो. डॉक्टरांनी ते टेबलावर ठेवून घेतले आणि बराच वेळ फिरवून बघत बसले. "कुणी केले?" म्हणाले. मग त्यांनी मामांना खुर्ची पुढं ओढायला सांगितली आणि काय शंका असतील त्या विचारा म्हणाले.

मामांनी आवाज खाली आणला. "टोपी तापवून बसवनार का?"

डॉक्टरांना कळेना. मला कळलं. बैलगाडीची धाव भट्टीत लालभडक करतात, सांडशीनं धरून चाकावर चढवतात आणि वरून घागरीनं पाणी ओततात. थंड होताना लोखंड आकसतं आणि लाकडाला घट्ट धरतं. मामांनी जन्मभर धाव अशीच बसवली होती. कापाकापीची त्यांना भीती नव्हती. महिनाभर ते एकाच काळजीत होते, की तापलेली टोपी हाडावर ठेवल्यावर पाणी वेळेवर ओतणारा माणूस दवाखान्यात आहे का.

"तापवत नाही हो," डॉक्टर हसू दाबत म्हणाले. "हाडाचं सिमेंट असतं, त्यानं बसवतो."

"सिमीट?" मामा सावरून बसले. "मंग पानी किती दिवस मारायचं?"

नर्स बाहेर पळाली. डॉक्टरही मनमोकळे हसले, मीही हसलो. मग डॉक्टरांनी नव्या तपासणीचा फोटो उजेडावर लावला आणि हसणं थांबलं. गोळ्याच्या मधोमध एक काळसर डाग होता. मामा उठून जवळ गेले आणि त्यावर बोट ठेवलं.

"हितं किडलंय का?"

"गोळ्याला रक्त पोचत नाही. आतलं हाड खचत चाललंय. टोपी बसवली तरी टिकणार नाही, मामा."

मामांनी टोपीवाला नमुना उचलला, धोतराला पुसला आणि पिशवीत ठेवला. "किडक्या लाकडावर धाव बसत न्हाई," ते म्हणाले. "बसवली तर पयल्या वड्यात निघून पडती." मग त्यांनी विचारलं, "आन् खाली बसनं?"

"ते सोडायचं. कायमचं."

परतीच्या गाडीत तोच कंडक्टर होता. "काय ठरलं मामा?" त्यानं विचारलं. मामांनी तिकिटाचे पैसे त्याच्या हातावर ठेवले. घरी मामींना सगळं मीच सांगितलं. "बरं झालं," मामी म्हणाल्या, "तेवढाच नवरा नवा हुईल." एरवी मामा ह्यावर दोन शब्द बोलल्याशिवाय राहिले नसते. ते उठून कामाच्या खोलीत गेले. पुढचे दहा दिवस त्या खोलीचं दार बंद आणि आत पटाशीचा आवाज. मला वाटलं, लोकांची राहिलेली कामं उरकत असतील.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी त्यांना भरती केलं. त्यांचा भाचा सोबतीला होता. मी निघालो तेव्हा मामांनी उशाखालची पिशवी माझ्या हातात दिली.

"ह्यो तिसरा. कौसीला दावा. ती काय म्हणंल ते आजच फोनवर कळवा. न्हाई म्हणली तर मी उद्या टेबलावर चढत न्हाई, पयलंच सांगतो."

"अहो, पण आहे काय हे?"

मामा भिंतीकडं बघत बोलायला लागले. "लगीन झालं तवा तिनं एकच मागितलंतं. म्हणली, मला उचलून वर बसवू नका, तुमी खाली बसा. जलमभर समदी तिला उचलून ठिवायची, पोत्यावानी. आन् तिच्या डोस्क्यावरून एकमेकांशी बोलायची. तवापासनं मी खाली बसतो, गुर्जी. आता मी खुर्चीत आन् ती खाली म्हंजी... तिनं मान वर करून बोलावं माझ्याशी?"

इतकी वर्षं मी भिंतीला भिंत लावून राहतो. त्या घरात खुर्ची का नाही, हे आपल्याला ठाऊक आहे असं मला वाटायचं. मला काहीही ठाऊक नव्हतं, आणि त्याची त्या वेळी फार लाज वाटली.

पिशवी मी एसटीत उघडली. आत मामांच्या घराचा छोटा नमुना होता. सैपाकघराची निम्मी जमीन उचलून गुडघ्यापेक्षा उंच ओटा केलेला, त्यावर चूल, फडताळ, शिलाई मशीन. खालून ओट्यावर जायला लांबलचक, सावकाश चढणारा उतार, कडेनं हाताला धरायला गज. ओट्याला लागून खाली एक खुर्ची आणि तीत धोतरातला बाहुला. समोर ओट्यावर लुगड्यातली बाहुली. दोघांच्या डोळ्यांच्या जागी बारीक खिळे ठोकले होते आणि एकाच्या डोळ्यापासून दुसरीच्या डोळ्यापर्यंत एक दोरा ताणून बांधला होता. नमुना मी मांडीवर सपाट धरला. दोरा अगदी सरळ होता.

मामींनी नमुना जमिनीवर ठेवला. आधी ओटा बघितला आणि त्यांची मुद्रा कठीण झाली. मग त्यांचं बोट उतारावर गेलं. खालून वर, वरून खाली, दोन-तीनदा. गजाला धरून बघितलं. मग दोऱ्यावर बोट टेकवलं आणि तिथंच ठेवलं.

"म्हंजी माझी मीच चढायची," त्या म्हणाल्या.

"हो."

"कुनी उचलायचं न्हाई."

मी मान हलवली.  मामींनी पदरानं डोळे पुसले, नाक पुसलं आणि फोन मागितला.

"आवं," त्या ओरडल्या, फोनची गरजच नव्हती, "चढ जरा कमी करा, हात भरून येत्याल माझे. आन् माझी भावली लई जाड केलीया!"

 पलीकडून मामांचा आवाज आला, घोगरा. "नमुना हाय, कौसे. पक्क्यात बारीक करतो."

ऑपरेशन झालं, आणि मामा दवाखान्यात होते तोवर ओटा गवंड्यानं बांधला, मामींनी समोर बसून बांधून घेतला. मामा काठी टेकत घरी आले त्या दिवशी ओट्याला लागून त्यांची पहिली खुर्ची वाट बघत होती. ते बसले. मामींनी गजाला हात घातला आणि उतार चढायला सुरुवात केली. मी नकळत पुढं झालो, तसा मामांनी काठी आडवी धरली. मामी धापा टाकत वर पोचल्या, लुगडं सारखं केलं, आणि वळून नवऱ्याकडं सरळ समोर पाहिलं.

"तुमी कवापासून बसलाव," त्या म्हणाल्या. "वाढू का?"