पाच नाकांचा पंचनामा

एका जंगलात, बाळांनो, कायद्याचं फार कडक राज्य होतं. तुमच्या शाळेत आहे ना, तसंच.

तिथे साळिंदर डॉक्टर होतं. सुईसाठी त्याला कुठे जावं लागत नसे. पाठीवरचा एक काटा उपटला की झालं. त्याच्याकडे विषावरचा उताराही होता. पण तो द्यायचा तर आधी विषाचा पंचनामा लागे. मागे एकदा सिंहमहाराजांचं जास्त जेवून पोट दुखलं. त्यांनी विषप्रयोग झाल्याची बोंब ठोकली आणि सगळा उतारा टोचून घेतला. तेव्हा हा कायदा झाला. शहाणे लोक एका खादाडासाठी सगळ्यांना कायदा करतात.

एके दिवशी तांबूबाई नीलगाय धापा टाकत आली आणि कोसळली. पावसाने ओढ दिली होती. जंगलालगतच्या शेतात ज्वारीच्या बुडख्यांना कोवळे फुटवे आले होते. ते तिने पोटभर चोरून खाल्ले होते.

साळिंदराने तिच्या हिरड्या पाहिल्या. त्या लालभडक होत्या.

"सायनाइड!" ते ओरडलं. "कोवळ्या ज्वारीत असतं. पंच बोलवा, लवकर!"

पंच आले. हत्ती, अस्वल, रानडुक्कर, सांबर आणि चिचुंद्री. पंचनामा लिहायला कोल्हा बसला. एकेकाने तांबूबाईचं तोंड हुंगलं.

"मला काही वास येत नाही," हत्ती म्हणाला.

"मलाही नाही," बाकीचे तिघे म्हणाले. हत्तीनंतर बोलायचं असलं की असंच बोलतात.

"मला येतोय," चिचुंद्री म्हणाली. "कडू बदामासारखा."

सगळे हसले. जिच्या वासाने जंगल नाक मुरडतं, तिने वासाबद्दल बोलावं!

"अगं ठकूताई," हत्ती म्हणाला, "एवढ्या सोंडेला जो येत नाही, तो तुझ्या नखाएवढ्या नाकाला येतो होय?"

"हा वास सगळ्यांनाच येत नाही, दादासाहेब," साळिंदर काकुळतीला आलं. "तो जन्मतःच कुणाला येतो, कुणाला नाही. वास राहू द्या, तिची लाली बघा!"

"बघतोय की. किती तजेला आलाय!" अस्वल म्हणालं.

"तजेला नाही हो! रक्तात हवा आहे, पण अंगाला ती वापरता येत नाही. ताट भरलेलं आहे आणि घास गिळता येत नाही, असं झालंय तिचं."

कोल्ह्याने लिहिलं, 'चार विरुद्ध एक. विष नाही. प्रकृती टवटवीत.'

तांबूबाईचे डोळे फिरले. साळिंदराला राहवलं नाही. त्याने काटा उपटला, उताऱ्यात बुडवला आणि टोचला.

थोड्या वेळाने तांबूबाई उठून बसली.

"बघा!" हत्ती म्हणाला. "विष असतं तर मेली नसती का?"

कोल्ह्याने तिला विचारलं, "बाई, तुम्ही ज्वारी खाल्ली होती का?"

तांबूबाईने साळिंदराकडे पाहिलं. मग तिला चोरीची शिक्षा आठवली.

"छे!" ती म्हणाली. "मला जरा चक्कर आली होती. या डॉक्टरांनी उगीच काटा टोचला. अजून दुखतंय."

मला या बाईचा फार राग येतो, बाळांनो. पण तिच्या जागी मी असतो तर मीही हेच बोललो असतो.

निरोगी गायीला काटा टोचला म्हणून साळिंदर पिंजऱ्यात गेलं. अफवा पसरवली म्हणून चिचुंद्रीला नाक बांधून हिंडायची शिक्षा झाली. आणि झाडाझाडावर पंचनाम्याची नक्कल लागली. ज्वारी निर्विष आहे, असं सरकारी शिक्क्यानिशी लिहिलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी सगळं जंगल शेतात उतरलं. पहिल्या पंगतीला मानाने चिचुंद्री सोडून चौघे पंच बसले.

दुपारी कोल्हा धावत पिंजऱ्यापाशी आला. "डॉक्टर, शेतात सगळे धापा टाकतायत हो!"

"कुलूप काढा. अजून वेळ आहे."

कोल्ह्याने किल्ली काढली, कुलपाला लावली आणि थांबला.

"काढतो," तो म्हणाला. "फक्त पंचनामा करावा लागेल. पाच पंच कुठून आणू, तेवढं सांगा."

तात्पर्य : विषबाधा झालेल्याला कधीही वाचवू नये. तो वाचला की विष नव्हतंच असं ठरतं, आणि पुढच्या पंगतीची पानं मांडली जातात.